मुका बझर

दार उघडलं, त्यावरचं चुंबक चौकटीवरच्या सेन्सरपासून लांब गेलं, तरी बझर गप्प. अण्णांनी दार लावून पुन्हा उघडलं. ढिम्म.

"राहू द्या ना, अण्णा," मुलगा स्वयंपाकघरातून म्हणाला. "वरच्या बाजूला कडी बसवू. छकुलीचा हात पोचणार नाही."

अण्णांनी पेचकस उचलला. बायको गेल्यापासून मुलाशी त्यांचं बोलणं कामापुरतंच होतं.

हा अलार्म त्यांनी तिच्यासाठीच केला होता. तिला काही आठवेनासं झालं होतं. दार दिसलं की ती चालू लागायची. अण्णा आतल्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत बसत. सुरुवातीला तर बझर अशा बारीक, चिरक्या आवाजात किंचाळायचा की कानठळ्या बसाव्यात. त्याच्याच भरवशावर त्यांनी तिला इतकी वर्षं सांभाळलं. त्या दुपारी मात्र तो वाजला नाही. ती चौकात ट्रकखाली गेली आणि हे घरात निवांत सोल्डरिंग करत बसलेले.

बातमी घेऊन मुलगाच धावत घरी आला होता. "सकाळी मीच बटण बंद केलं होतं," उघड्या दाराशी अलार्मच्या बटणावर हात ठेवून तो मान खाली घालून म्हणाला. "आवाजाने डोकं उठलं होतं."

"आईला खाल्लंस," अण्णा म्हणाले. ते शब्द त्यांनी कधी परत घेतले नाहीत.

आता नात दुडुदुडु दाराकडे पळू लागली होती. तिच्या बाबतीत त्यांना कुणावर विसंबायचं नव्हतं.

बटण चालू आहे ना, हे त्यांनी आधी पाहिलं. मग मीटर लावला. बॅटरी ठणठणीत. चुंबक हलवलं की सेन्सरचा व्होल्टेज बदलत होता. सेन्सरचं ऐकून बझरला हुकूम देणारी ऑप-अँपची आयसीही शहाण्यासारखी वागत होती. दार उघडताच तिचं आउटपुट झपकन वर चढे. म्हणजे बझरच मेलेला. त्यांनी नवा जोडला. तोही मुका. आत नात किरकिरू लागली.

"हल्लीचा मालच भिकार," अण्णा पुटपुटले. मुलाने घेऊन दिलेला फोनही तसलाच, कधी वाजायचाच नाही.

जोड ढिला राहिला असेल म्हणून त्यांनी उघड्या दारातच बझरवर बोट दाबलं. बोटाखाली काहीतरी थरथरत होतं.

एवढ्यात नात दोन्ही कान घट्ट झाकून, रडत बाहेर आली. तिच्यामागून मुलगा आला. त्याने वडिलांकडे पाहिलं नाही. मुकाट्याने बटण बंद केलं, आणि अण्णांच्या बोटाखालची थरथर थांबली.