नोंदवलेला नंबर

"काका, लॅपटॉपची वॉरंटी उद्या संपतेय. आज वाढवलीत तर अजून दोन वर्षं मिळतील. नंतर नाही वाढवता येत." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरची मुलगी तेच पुन्हा सांगत होती. दिवसभर बोलून तिचा घसा बसला होता.

लिफ्ट मेकॅनिकने मान हलवली. सकाळपासून तो एका इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उकिडवा बसून आला होता. पायांचे तुकडे पडत होते आणि नखांतलं ग्रीस अजून गेलं नव्हतं. बायको मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून बसली होती.

"जुनं डबडं ते," ती म्हणाली. "आणि ते तरी आपल्या घरात आहे का? जिच्याकडे आहे तिला आपली काही पडलेली नाही. जगलो का मेलो, एक फोन नाही. आपण मात्र तिच्या लॅपटॉपचे लाड करायचे."

"केला होता की मागे फोन."

"तुम्हाला केला होता."

लेक भांडून घराबाहेर पडली ती हा लॅपटॉप तेवढा घेऊन. गेल्या वर्षी त्याचा स्क्रीन फुटला. तिने तो दुरुस्तीला टाकल्यावर ओटीपी आला तो बापाच्या मोबाईलवर, कारण नोंदवलेला नंबर त्याचाच होता. मग तिला बापाला फोन करावाच लागला. "बाबा, आकडे आलेत का? सांगा." त्याने सांगितले आणि फोन संपला. बायको तेव्हा नेमकी भाजी आणायला गेली होती. आल्यावर तिने त्याला उलटसुलट विचारून भंडावून सोडलं. आवाज कसा होता, खोकत होती का, मागे कोणी बोलत होतं का. तेव्हापासून ती त्याच्यावर रुसलेलीच होती, आणि यात त्याची चूक काय हे तिलाही सांगता आलं नसतं.

"वाढवा," तो काउंटरवरच्या मुलीला म्हणाला. मग बायकोकडे वळून, "अडकल्याशिवाय कोण कोणाला फोन करतं गं? माझा तर धंदाच त्याच्यावर चाललाय."

मुलीने कीबोर्ड पुढे ओढला. "लॅपटॉप वापरतं कोण?"

"मुलगी आमची."

"मग नंबर तिचाच टाकते ना. उगाच मधे तुम्हाला त्रास कशाला?"

"नको!" दोघं एकदमच म्हणाले.

काउंटरवरची मुलगी दोघांकडे बघतच राहिली. बायको उठून काउंटरपाशी आली. "दोन नंबर नाही का गं घालता येत?" तिने हळूच विचारलं.

"नाही काकू. एकच बसतो."

"बरं, असू दे." बायको पिशवीचे बंद नीट करू लागली. बंद नीटच होते.

मेकॅनिकने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हटलं तरी त्याला जड गेलं. "हिचा घाला," तो म्हणाला.

बायकोने स्वतःचा नंबर सांगितला, मग तो मुलीकडून परत वाचून घेतला.

खाली जाताना लिफ्टमध्ये दोघंच होते. दार लागल्यावर तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तिचा फोन आला की आकडे सावकाश सांग. आणि एखादा चुकीचा सांग."

"अहो, चुकीचा कशाला?"

"मग ती परत फोन करते."