सिमेंटचं सिंक

"तुला हवं तसं मोठं सिंक आपण घरीच ओतू," असं चंद्रहास म्हणाला, तेव्हा विदुलाला नवऱ्याचं फार कौतुक वाटलं. जुन्या स्टीलच्या सिंकमध्ये तिची कढईही नीट मावत नसे. तिने प्लायचा साचा केला, सळईची जाळी बांधली, काँक्रीट भरलं आणि ते घट्ट झाल्यावर बोटं सोलवटेपर्यंत घासून गुळगुळीत केलं.

सिंक ओट्यात बसलं. ती त्यात पहिल्यांदाच भांडी घासत होती, तेवढ्यात चंद्रहास एका अनोळखी जोडप्याला स्वयंपाकघरात घेऊन आला.

"फोटोपेक्षाही छान आहे हो!" ती बाई सिंकच्या कडेवरून हात फिरवत म्हणाली. "हे बघूनच आम्ही घर घ्यायचं पक्कं केलं."

विदुलाने नवऱ्याकडे पाहिलं.

"सांगणारच होतो गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सिंकमुळे घर उठून दिसलं."

तिने नळ बंद केला.

"घर दोघांच्या नावावर आहे," ती त्या बाईला म्हणाली. "आणि मी विकत नाहीये."

पाहुणे अवघडून निघाले. त्यांची समजूत काढत चंद्रहास पार फाटकापर्यंत गेला. विदुलाची समजूत काढायला मात्र तो आत आला नाही.