एका मुळाला दोन माणसे

बर्डॉक या जपानी मूळभाजीचे तिसरे मूळही आप्पांच्या हातात कटकन तुटले आणि अर्धे जमिनीतच राहिले. हातभर लांबीचे ते मूळ अखंड काढावयास दोन माणसे लागतात. एकाने कडेने खणावे, दुसऱ्याने पाने धरून हळूहळू वर ओढावे. बी जपानहून लेकीने पाठविले होते. आप्पांनी नांगर न लावता केवळ पालापाचोळा अंथरून बाग जोपासली. मुरूम फोडण्याचे कार्य या मुळांनीच केले.

"दिवाळीला येते, आप्पा. मी धरीन, तुम्ही खणा," असे ती म्हणाली होती. दिवाळी सरली, तिला रजा मिळाली नाही. आणखी थांबावे, तर मुळाचे लाकूड होऊन ते भाजीच्या कामातून जाणार होते.

आप्पांनी जमिनीत राहिलेला अर्धा भाग खणून काढला, सांधा दिसू नये अशा बेताने दोन्ही तुकडे गोणपाटावर जुळविले आणि फोटो पाठविला. तत्काळ उत्तर आले, "अय्या, अख्खं निघालं! धरलं कोणी?"

'कोणी नाही' असे लिहावे, तर ती तिकडे दिवसभर हळहळेल. अखेर आप्पांनी लिहिले, "शेजारच्या गिरजाबाईंनी."

वास्तविक पत्नी निवर्तल्यापासून त्यांनी गिरजाबाईंशी नमस्कारापलीकडे चकार शब्द काढला नव्हता. वाफ्यात एकच झाड उरले होते. लेकीला लिहिलेले निदान या मुळापुरते तरी खरे व्हावे, म्हणून आप्पा कुंपणापाशी गेले आणि त्यांनी संकोचत हाक मारली.

"आले, आले!" गिरजाबाई पदर खोचीत म्हणाल्या. "सकाळधरनं बघतेय तुमची झटापट. हाक मारायला एवढा उशीर व्हय?"