कबरीला चौघे

गावातल्या एकुलत्या पबचा दारूचा परवाना मी डब्लिनच्या बड्या दुकानाला विकून पब बंद केला, त्याला महिना झाला. आज सकाळी ब्रीदीनं माझ्या बंद दारावर मुठी आपटल्या. पहाटे तिचा नवरा मॅलकी गेला होता. आमच्याकडे कबर शेजारपाजारची माणसंच खणतात, आणि कुणी खणायची ते माझ्या बारवर ठरायचं. बातमी आली की अर्धे ग्लास ठेवून चौघे उठायचे. “फिंटन, उद्या दफन आहे. माणसं दे.” मी नऊ दारं ठोठावली. कुणाची कंबर धरली होती, कुणाची पोरं ऑस्ट्रेलियात. दोघांना तर मॅलकी गेल्याचंच ठाऊक नव्हतं. रिकामा परतलो, तर ती तिथंच. “चौघे आणू कुठून, बाई?” मी खेकसलो. “गाव गाडताना चौघे लागले होते का रे तुला?” तीस वर्षं मी खणणाऱ्यांना नुसतं पाजलं होतं. माझ्या घरात साधं फावडंही नव्हतं. तिनंच मॅलकीचं आणून दिलं.