सव्वा डॉलर

"कागद नको गं, नाणंच हवं," रत्नाबाई म्हणाल्या.

नेत्राने दुकानदाराने दिलेली चिठ्ठी सासूबाईंपुढे धरली. नाण्यांची टंचाई झाल्यापासून मिनेसोटातल्या या लहानशा गावाने डिसेंबरपर्यंत चालणाऱ्या पंचवीस सेंटच्या कागदी चिठ्ठ्या छापल्या होत्या.

"आई, अख्ख्या गावात चालते ही."

"गावात चालेल. देवाला कशी चालेल? डिसेंबरनंतर रद्दीच ना ती?"

मोरेश्वरराव कोविडने हॉस्पिटलात होते, नळ्या लावलेल्या. भेटायला कुणालाच सोडत नव्हते. पहिल्याच दिवशी रत्नाबाई नवस बोलल्या होत्या: दर मंगळवारी देवाला सव्वा डॉलर. डॉलरची नोट घरात असे. वरचा पाव डॉलर मिळेना. आणि एक मंगळवार चुकला की नवस मोडला.

नेत्राचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण सासरे मरणाच्या दारात. मीटिंग कॅन्सल करून ती कार वॉश, लॉन्ड्रोमॅट, गॅस स्टेशन पालथी घालायची. एका मंगळवारी कुठेच मिळेना, तेव्हा तिने लेकीची पिगी बँक उघडली.

"मम्मा, दॅट्स माइन!" सावनी ओरडली.

"आजोबांसाठी आहे गं."

"उसनं घेते हो," रत्नाबाई नातीला म्हणाल्या. "नवस फळला नाही, तर तुझं तुला परत. देव कुणाचं फुकट ठेवून घेत नाही."

"असं अभद्र बोलू नका, आई!"

रोज उठल्याबरोबर त्या विचारत, "आज कसं आहे?" ऑक्सिजन उतरलाय म्हटलं की "बरं" म्हणत आणि देवापुढे जाऊन बसत. एकदा हातातून पातेलं निसटलं. त्या थिजून बेडरूमच्या दाराकडे बघत राहिल्या, मग स्वतःशीच हसल्या. काळजीने माणूस भ्रमिष्ट होतं, नेत्राला वाटलं.

नवव्या आठवड्यात केदारने वडिलांची व्हीलचेअर ढकलत घरात आणली. नेत्राचे डोळे भरून आले.

"आई, फळला बरं का तुमचा नवस!"

"रत्ना!" मोरेश्वरराव खोकत म्हणाले. "पाणी मागावं लागतं का आता?"

रत्नाबाईंनी पाणी दिलं. उन्हाळ्यातही त्यांनी आज लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता. मग त्या देवघरापाशी गेल्या, नवसाच्या पैशांचा डबा उघडला, एक नाणं काढलं आणि सावनीच्या हातावर ठेवलं.

"घे बाळ. तुझं तुला परत."