नऊ मिनिटांचं संपादन

निर्मलाबाई ओकांकडून हस्तलिखित परत आणायला हेरंब कुलथे सांगलीला गेला, तेव्हा त्याची पहिली कादंबरी बाजारात येऊन आठवडा झाला होता. तीन महिन्यांपूर्वी संपादनासाठी त्यानेच बाईंना गळ घातली होती. पण प्रकाशक घाई करू लागला, तसं त्याने हस्तलिखिताची दुसरी प्रत संपादन करणाऱ्या यंत्राला दिली. वाचक कुठे पुस्तक मिटेल ते यंत्राला आधीच कळायचं. नऊ मिनिटांत यंत्राने तेवढी पानं काढून टाकली.

“बाई, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं,” हेरंब ओशाळून म्हणाला.

“वाचलं मी पुस्तक,” बाई म्हणाल्या. “तुमच्या बहिणीच्या आजारपणाचं प्रकरण दिसलं नाही.”

“तिथे शंभरातले साठ जण पुस्तक मिटतील, असं यंत्राने दाखवलं होतं.”

“मिटतील की. मीही मिटलं होतं. दोन दिवस पुढे वाचवेना. कंटाळूनच मिटतात असं कोण म्हणालं तुम्हाला?”

त्यांनी बाड त्याच्यापुढे ठेवलं. सगळीकडे पेन्सिलीच्या खुणा होत्या, पण त्या प्रकरणावर एकही नव्हती. फक्त समासात लिहिलं होतं, ‘याला हात लावू नये.’

बाहेर येऊन त्याने प्रकाशकाला फोन लावला. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण घालता येईल का, असं चाचरत विचारलं.

“खपतंय ना पुस्तक? मग कशाला उगाच?” प्रकाशक म्हणाला.

“बरं,” हेरंब म्हणाला.

त्यानंतर पुस्तकाच्या चार आवृत्त्या निघाल्या. दुसरी कादंबरी मात्र त्याने कधी लिहिली नाही.