सारख्या दोन याद्या

“याद्या यांनी केल्यात, तेव्हा निवड तुमची,” मध्यस्थ बाई बायकोला म्हणाल्या. “वाटे पाडणाऱ्याने निवडायचं नाही. माझ्याकडे एवढा एकच नियम आहे.”

बाईंनी कोर्टात चोवीस वर्षं कारकुनी केली होती. तिथे लोक काय होऊन बाहेर पडतात हे पाहून निवृत्तीनंतर त्यांनी लाँड्रीच्या वरची ही खोली भाड्याने घेतली. एका बैठकीची ठरलेली फी. वेगळं होणाऱ्या नवरा-बायकोने आपसात वाटणी ठरवायची, कागदावर सह्या करायच्या आणि कोर्टात तो कागद फक्त दाखल करायचा. दोघांनी वेगवेगळे वकील केले असते तर घर विकून त्यांच्या फिया भागल्या असत्या. वाटायला काही उरलंच नसतं. म्हणजे तोही एक प्रकारचा समेटच.

नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. सगळे त्याला काटेवालाच म्हणत. बाजारातले निम्मे तराजू त्याच्या हाताखालून गेले होते, त्यामुळे याद्या त्यानेच कराव्यात यावर दुमत झालं नाही. प्रत्येकाच्या धंद्याची हत्यारं ज्याची त्याला. त्याची वजनं त्याला, तिचं शिलाई मशीन तिला. उरलेल्याच्या दोन याद्या.

पहिल्या यादीत एकच ओळ होती: घर.

दुसरीत अकरा ओळी होत्या. बँकेतली ठेव, स्कूटर, फ्रिज, कपाट, असं करत करत बायकोच्या माहेरच्या बांगड्यांपर्यंत. त्या तिला परत देण्याचा मोठेपणा त्याने दाखवला होता. स्कूटरची किंमत शोरूममधली लावली होती. स्कूटर शोरूममधून बाहेर पडून चौदा वर्षं झाली होती.

“दोन्ही सारख्या आहेत?” बाईंनी विचारलं.

“गुंजभर इकडे-तिकडे नाही,” काटेवाला म्हणाला.

तो निर्धास्त होता. बावीस वर्षं त्याने या बाईला निवडताना पाहिलं होतं. कान तुटलेला कप ती घ्यायची. पंख्याचा वारा न पोचणारी बाजू तिची. दोन छत्र्यांतली काडी मोडलेली तिची. तिची बहीण कधी चिडून बोललीच, तर ती म्हणायची, “अगं, त्यांचं लक्षच नसतं. मनात काही नसतं त्यांच्या.” लक्ष नसतं ही त्याची घरातली ख्याती होती. ती फुकट मिळाली होती आणि त्याने जपून वापरली होती.

बायकोने दोन्ही कागद वाचले. घराच्या कागदावर तिची नजर जरा जास्त थांबली. खालून इस्त्रीची वाफ आणि ओल्या कपड्यांचा वास येत होता.

“घर सोडलं तर जाणार कुठे, ठरवलंय का?” बाईंनी विचारलं.

“बहिणीच्या जिन्याखाली एक खोली आहे. मशीन मावेल,” ती म्हणाली. “मी दुसरी घेते.”

काटेवाल्याने श्वास सोडला आणि पिशवीतून करारनामा काढला. मुद्रांकावर, नीट टाईप केलेला. “तयारच करून आणलाय. परत खेप नको, परत फी नको. तेवढीच बचत.”

बायकोने तोही वाचला. पहिल्या यादीखाली त्याचं नाव होतं. दुसरीखाली तिचं. वर मंगळवारची तारीख.

आज शुक्रवार होता.

बाईंनी चष्मा वर सरकवला. “निवड आत्ता झाली. मंगळवारी टाईप कसं झालं?”

“अंदाजाने,” काटेवाला म्हणाला. “टाईपवाला एकदाच पैसे घेतो म्हटलं, म्हणून…”

बायकोने करारनामा घडी घालून त्याच्यापुढे ठेवला.

“सह्या व्हायच्यात ना अजून?” तिने बाईंना विचारलं.

“व्हायच्यात.”

“मग मी पहिली घेते.”

“अगं, आत्ता तर तू…”

“सारख्याच आहेत ना?” ती म्हणाली. “पहिल्या वर्षी तुम्हीच शिकवलं होतंत. पारड्यांतला माल अदलून-बदलून बघायचा. काटा खरा असेल तर हलत नाही.”

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई कोरा कागद पुढे ओढून नव्याने लिहायला लागल्या होत्या. त्याने दुसरी यादी उचलली आणि पहिल्यांदाच ग्राहकाच्या नजरेने वाचली. चौदा वर्षांची स्कूटर. परत करायच्या बांगड्या.

बायकोने सही केली. घर मिळालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, एवढं बाईंना अनुभवाने कळत होतं.

“बरोबर केलंत तुम्ही,” त्या हळूच म्हणाल्या.

“बावीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले,” ती पेनाचं टोपण लावत म्हणाली, “की लहान वाटा कुठला ते यांना कळतच नाही.”